मालदीवच्या बेटावर जाताना बॅग कशी भरावी: विदर्भातील खेड्यातून निघणाऱ्यांसाठी

आमची थोरली लेक मालदीवमधील एका बेटावरच्या शाळेत गणित शिकवते. तिच्याकडे जायला आर्वी तालुक्यातील आमच्या गावातून आम्ही उभयता पहिल्यांदा निघालो, तेव्हा दोन मोठ्या बॅगा, एक कापडी पिशवी आणि लोणच्याची बरणी एवढा बारदाना सोबत होता. त्यातले निम्मे सामान घडीही न मोडता परत आले आणि ज्या वस्तूंची रोज गरज पडली त्या घरीच राहिल्या होत्या. दुसऱ्या वेळी एकाच बॅगेत भागले. तेव्हापासून ओळखीपाळखीचे कोणी त्या बाजूला निघाले की आमच्याकडे फोन येतो, म्हणून ही सगळी माहिती एकदा सविस्तर लिहून ठेवत आहे.

मालदीवची उष्णता ओली आहे. हा शंभर टक्के मुस्लिम नागरिकांचा देश असून तेथील कायदा आणि रिवाज पाहुण्यांनाही पाळावे लागतात. शिवाय शेवटचा टप्पा बहुधा बोटीने होतो. बॅग भरताना या तिन्ही गोष्टी डोक्यात ठेवल्या, तर काय घ्यावे यापेक्षा काय काढून ठेवावे हेच आधी सुचू लागते.

पहिली पायरी: बेट कोणते आणि महिना कोणता

सुमारे ११९० बेटांच्या या देशात माणसांची वस्ती दोनशेहून कमी बेटांवर आहे. उरलेल्यांपैकी बऱ्याच बेटांवर एकेक रिसॉर्ट उभे आहे. सामानाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, कारण रिसॉर्टच्या बेटावर कपड्यांची आणि खाण्यापिण्याची मोकळीक असते, तर माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर आपण गावकऱ्यांच्या गल्लीतून, मशिदीच्या आणि शाळेच्या बाजूने ये-जा करत असतो. स्थानिक बेटांवर पाहुण्यांसाठी गेस्टहाउस चालवण्यास २००९ च्या सुमारास परवानगी मिळाली आणि तेव्हापासून आपल्यासारख्या मध्यमवर्गीयांना हा प्रवास आवाक्यात आला. हा लेख मुख्यतः अशा वस्तीच्या बेटावर जाणाऱ्यांसाठी आहे.

महिन्यांचे म्हणाल तर साधारण जानेवारी ते मार्च हा कोरडा काळ आणि मे ते नोव्हेंबर हा पावसाचा. सोयाबीन विकून झाले, कापसाच्या दोन-तीन वेच्या आटोपल्या आणि तूर घरात आली की आपल्याकडेही थोडी उसंत मिळते, त्यामुळे हा कोरडा काळ शेतकरी घराला सोयीचा पडतो. मात्र रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो आणि सध्या तो फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो. त्या महिन्यात वस्तीच्या बेटांवरील उपाहारगृहे दिवसा बंद असतात आणि चारचौघांत खाणेपिणे चालत नाही. त्यामुळे तारखा आधी पंचांगात पाहाव्यात आणि रमजानमध्येच जाणे झाले तर खोलीत बसून खाता येईल असा कोरडा खाऊ वाढवून घ्यावा.

दुसरी पायरी: कागदपत्रे

नागपूरहून मालदीवच्या राजधानीला, मालेला, थेट विमान नाही. मुंबई, बेंगळुरू किंवा कोचीपर्यंत आधी जावे लागते. म्हणजे प्रवासात दोन-तीन ठिकाणी कागद दाखवायचे आहेत, हे लक्षात घेऊन ते हाताशी राहतील अशी एक वेगळी फाइल करावी. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. पासपोर्टवरील नाव आणि तिकिटावरील नाव अक्षरशः जुळले पाहिजे, कारण आपल्याकडे सातबाऱ्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि आधारवर तिसरे अशी नावांची तऱ्हा असते, आणि तिकीट काढून देणारा मुलगा जे कार्ड समोर येईल त्यावरचे नाव टाकून मोकळा होतो.

भारतीय नागरिकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. पर्यटक म्हणून ९० दिवसांपर्यंत राहता येते. परतीचे तिकीट आणि राहण्याच्या जागेचे आरक्षण मात्र विचारले जाते. त्याशिवाय ‘इमुगा’ नावाचा ऑनलाइन प्रवासी अर्ज पोहोचण्याआधीच्या ९६ तासांत भरायचा असतो आणि परत निघतानाही तो पुन्हा भरावा लागतो. अर्ज भरल्यावर मिळणारा क्यूआर कोड फोनमध्ये ठेवावाच, पण कागदावरही छापून घ्यावा. गावात रेंज नसली की काय होते हे आपल्याला कोणी सांगायला नको.

तिसरी पायरी: घरीच काय ठेवायचे

आधी देवाचे. मालदीवमध्ये पूजेच्या मूर्ती नेण्यास बंदी आहे आणि इस्लामखेरीज अन्य धर्माची उघड उपासना तेथे करता येत नाही. आपल्याकडे लांबच्या प्रवासाला निघताना बॅगेच्या आतल्या कप्प्यात छोटा गणपती किंवा बाळकृष्ण ठेवण्याची पद्धत आहे, आणि तो ठेवणारी व्यक्ती ते घरात कोणाला सांगेलच असे नाही. आमच्या घरी निघण्याच्या आदल्या रात्री बॅग पुन्हा उघडली तेव्हा साडीच्या घडीत, पुरचुंडी बांधलेल्या रुमालात, पितळेचा बाळकृष्ण निघाला. आठ दिवस पूजेवाचून देव कसा ठेवायचा, हा सौभाग्यवतींचा प्रश्न खराच होता. शेवटी शेजारच्या काकूंनी आपल्या देव्हाऱ्यात त्याला पाहुणा म्हणून ठेवून घेतले. तेव्हा ही व्यवस्था चार दिवस आधीच करावी. मूर्ती, देवाचे टाक, वाटण्यासाठी घेतलेल्या पोथ्या आणि तसबिरी घरी ठेवाव्यात. गजानन महाराजांचे दर्शन घ्यायचे असल्यास ते फोनमध्ये असतेच. मंगळसूत्र, कुंकू, टिकली यांबद्दल कोणी काही विचारले नाही.

दारू देशात नेता येत नाही, मग ती मोहाची असो की विमानतळावरील दुकानातून घेतलेली महागडी असो. सामान यंत्रातून जाते, बाटली दिसते आणि ती ठेवून घेतली जाते. येथे एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. द्राक्षासव, अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट अशा आसव-अरिष्टांमध्ये आंबवण्याच्या प्रक्रियेतून तयार झालेले अल्कोहोल असते आणि बाटलीच्या लेबलवर त्याचे प्रमाणही छापलेले असते. आपल्या घरातील वयस्क मंडळी ही औषधे रोज घेतात. तेवढ्या आठ-दहा दिवसांसाठी वैद्यांना विचारून गोळी किंवा चूर्ण घ्यावे आणि बाटली फडताळातच राहू द्यावी. डुकराच्या मांसाचे पदार्थही नेता येत नाहीत. आपल्या खाऊत त्याचा प्रश्न सहसा येत नाही.

खर्रा घोटून नेण्याचा विचार ज्यांच्या मनात असेल त्यांनी तो गावाच्या वेशीवरच सोडावा. तंबाखूबाबत मालदीवचे नियम अलीकडे फार कडक झाले आहेत. नोव्हेंबर २०२४ पासून ई-सिगारेट देशात आणण्यास बंदी आहे, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून १ जानेवारी २००७ किंवा त्यानंतर जन्मलेल्या कोणालाही तंबाखूचे सेवन करता येत नाही. हा नियम पर्यटकांनाही लागू आहे. कॉलेजात जाणारा मुलगा सोबत असेल तर त्याला हे समोर बसवून सांगावे. त्याच्या बॅगेची झडती घेण्यापेक्षा ते बरे.

संत्र्यांची पेटी भेट म्हणून नेण्याचा मोहही आवरावा, कारण ताजी फळे, रोपे आणि बियाणे यांना तेथे कृषी तपासणीचे नियम लागू असतात. त्याऐवजी नागपूरची संत्राबर्फी न्यावी. शाकाहाराचे हिरवे चिन्ह असलेले बंद पाकीट पाहिल्यावर लेकीच्या शेजारणीने निःशंकपणे मुलांच्या हातावर तुकडे ठेवले.

चौथी पायरी: कपडे

आपल्याला वाटते, पंचेचाळीस अंशांत शेतात राबलेल्या माणसाला एकतीस अंशांचे काय! वर्षभर तेथील तापमान साधारण २५ ते ३१ अंशांच्या दरम्यानच राहते हे खरे आहे, पण हवेतील ओलावा असा असतो की घाम अंगावरून उडत नाही. आमच्याकडे एप्रिलमध्ये वाळत घातलेले लुगडे भांडी घासून होईस्तोवर कडक होते. तेथे रात्री दोरीवर टाकलेली जीन्स दुसऱ्या दिवशी दुपारीही कमरेपाशी ओलसर लागते. म्हणून जीन्स, जाड खादी आणि टर्किश टॉवेल हे तिन्ही घरी ठेवावेत. टॉवेलऐवजी साधा पंचा घ्यावा; तो अंग पुसतो, पिळला की लगेच हलका होतो आणि पंख्याखाली तासाभरात वाळतो. सोबत दोन-तीन मीटर नायलॉनची दोरी आणि सात-आठ चिमटे असावेत.

रिवाज असा की वस्तीच्या बेटावर स्त्रियांचे खांदे आणि मांड्या झाकलेल्या असाव्यात आणि पुरुषांनी उघड्या अंगाने फिरू नये. आपल्याकडच्या स्त्रियांच्या नेहमीच्या पोशाखाला यात काही अडचण नाही. खरी सवय मोडावी लागते ती पुरुषांना. बनियान आणि अर्ध्या चड्डीवर ओसरीत बसून शेजाऱ्याशी बोलणे हा आपला हक्क वाटत असला, तरी तेथे दारात येतानासुद्धा सदरा घालावा. सुती, सैल, अर्ध्या किंवा पूर्ण बाहीचे तीन सदरे, दोन हलक्या पँट आणि गुडघ्याखाली येणारी एक अर्धी पँट एवढे आठ दिवसांना पुरते. स्त्रियांसाठी तीन सलवार-कुर्ते आणि एक साडी पुरे. हा सल्ला आमच्या घरी लगेच मान्य झाला नाही, पण धक्क्यावरून हलत्या बोटीत पाय टाकताना निऱ्या एका हाताने आणि बॅग दुसऱ्या हाताने धरल्यावर आधाराला हातच उरत नाही, हे एकदा अनुभवल्यानंतर पुढचा प्रवास कुर्त्यावरच झाला.

समुद्रात उतरण्याचे कपडे वेगळे हवेत. सुती सलवार किंवा साडी पाण्यात फुगते, जड होते आणि पाय अडकतात, त्यामुळे नदीवरच्या स्नानाची सवय येथे धोक्याची ठरते. अंगाला घट्ट बसणारा, पूर्ण बाह्यांचा पॉलिएस्टरचा टी-शर्ट आणि लेगिंग हा पोशाख स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो; शरीरही झाकले जाते आणि ऊनही लागत नाही. तोकड्या पोहण्याच्या पोशाखासाठी वस्तीच्या अनेक बेटांवर किनाऱ्याचा एक भाग राखून ठेवलेला असतो. तेवढ्या भागाबाहेर तो पोशाख घालून फिरू नये. प्रवाळाचे तुकडे तळपायाला कापतात, म्हणून पाण्यातही पायात राहतील असे रबरी बूट किंवा पट्ट्यांचे सँडल घ्यावेत. घरात आणि मशिदीत जाताना पादत्राणे बाहेर काढायची असतात, तेव्हा रोजच्यासाठी साधी चप्पलच बरी.

आपला दुपट्टा मात्र जरूर घ्यावा, शक्यतो दोन. उन्हाळ्यात डोके आणि तोंड गुंडाळण्यासाठी आपण जो वापरतो तोच बोटीत उन्हापासून आणि खाऱ्या तुषारांपासून वाचवतो, आणि मालेतील जुनी शुक्रवार मशीद, म्हणजे प्रवाळाच्या दगडांत कोरलेली १६५८ ची हुकुरु मिस्की, पाहायला गेल्यास डोके-खांदे झाकायला तोच कामी येतो. एक सावधगिरी हवी: पांढऱ्या वाळूवरून आणि पाण्यावरून उन्हाची तिरीप खालून वर येते, त्यामुळे हनुवटीखाली आणि मानेच्या मागेही सनस्क्रीन लावावे लागते. झिंक ऑक्साइड असलेले घेतल्यास प्रवाळालाही त्रास कमी.

पाचवी पायरी: औषधे

रोजची औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि चार दिवस जास्तीची घ्यावीत. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरण्याची पद्धत घरी ठीक आहे, सीमाशुल्काच्या टेबलावर नाही. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि झोपेची औषधे यांबाबत विशेष जपावे, कारण अमली पदार्थांच्या बाबतीत तेथील शिक्षा कठोर आहेत. अशी औषधे अगदी आवश्यक असतील तर आधी रीतसर चौकशी करूनच न्यावीत. कोणाच्या ओळखीने दिलेली पुडी सोबत घेऊ नये, मग ती सख्ख्या भाच्यासाठी का असेना.

चिखलदऱ्याच्या घाटात ज्याला गाडी लागते त्याला बोटही लागणारच. अशांनी उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून बोट सुटण्याआधी घ्यावी. बोट उसळू लागल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. याशिवाय ओआरएसची पाकिटे, जांघेत आणि काखेत लावायची बुरशीनाशक पावडर, पट्ट्या आणि जंतुनाशक मलम एवढे पुरे. डासांचे मलम आवश्यक आहे. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मालदीव हिवतापमुक्त असल्याचे प्रमाणित केले आणि पुढच्या वर्षी हत्तीरोगाचे उच्चाटन झाल्याचेही. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या माणसाला याचा हेवा वाटावा. डेंग्यू मात्र तेथे आहे आणि तो डास दिवसा चावतो.

सहावी पायरी: खाऊ

मासळी खाणाऱ्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल. टुना, ओले खोबरे, कांदा आणि मिरची एकत्र कालवलेली मास हुनी आणि तिच्यासोबत रोशी, म्हणजे आपल्या पोळीची बहीण, ही तेथील सकाळची न्याहारी आहे आणि ती चवदार असते असे माझे मत आहे. माळकरी माणसाची मात्र अडचण होते, कारण साध्या दिसणाऱ्या चटणीत किंवा रश्शातही सुकवलेल्या मासळीचा अंश असू शकतो. गेस्टहाउसला आधी कळवले तर डाळ-भात मिळतो.

जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजणी आणि सातूचे पीठ या वस्तू वजनाला हलक्या आणि टिकाऊ आहेत. चिवडा एका मोठ्या डब्यात नेऊ नये. पहिल्या वेळी आम्ही तो स्टीलच्या डब्यात नेला. तिसऱ्या दिवशी झाकण उघडले तेव्हा पोहे असे सादळले होते की दातांखाली आवाजच येईना. आपल्याकडे श्रावणात जे होते ते तेथे बारमाही होते. म्हणून एकावेळी संपेल एवढ्या चिवड्याच्या पुड्या करून त्या मेणबत्तीवर कडा चिकटवून बंद कराव्यात.

लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत ठेवू नये. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या सामानात शंभर मिलीलीटरपेक्षा मोठ्या बाटलीतील द्रव पदार्थ चालत नाहीत आणि तेलाने माखलेले लोणचे त्यातच मोडते. चार महिने मुरलेले आमचे लोणचे तपासणीच्या टेबलावरच राहिले. पुढच्या वेळी ते छोट्या प्लॅस्टिकच्या बाटलीत, झाकणाला टेप लावून, दोन पिशव्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत घातले आणि सुखरूप पोहोचले. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र मोठ्या बॅगेतही घालू नयेत. त्यातील तेल पेट घेते म्हणून त्या अडवतात, आणि नारळाच्या देशात खोबरे नेण्याचे कारणही नाही.

सातवी पायरी: वीज आणि पैसे

तेथील प्लगला तीन चौकोनी पिना असतात, त्यामुळे आपल्या गोल पिनांचा चार्जर बसत नाही. नागपूरला सीताबर्डीवर मिळणारा अडॅप्टर दोन नग घ्यावा. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या फक्त हातातल्या सामानात ठेवायच्या.

पर्यटकांचे व्यवहार डॉलरमध्ये चालतात आणि लहान दुकानांत रुफिया हे तेथील चलन लागते; एका डॉलरला साधारण १५.४२ रुफिया हा सरकारी दर आहे. तालुक्याच्या बँकेत डॉलर सहसा तयार नसतात, म्हणून आठ-दहा दिवस आधी विचारावे आणि त्यात एक, पाच, दहा डॉलरच्या कोऱ्या नोटा मागाव्यात, कारण मळकी किंवा फाटकी नोट कोणी घेत नाही. प्रत्येक बेटावर एटीएम असतेच असे नाही. वस्तीच्या बेटावरील लहान गेस्टहाउसमध्ये माणशी दर रात्री ६ डॉलर हरित कर लागतो. तो खोलीच्या भाड्यात धरला आहे का, हे आधीच विचारून घ्यावे. शुक्रवार हा तेथे सुटीचा दिवस असून दुपारच्या नमाजाच्या वेळी दुकाने बंद असतात आणि अनेक सरकारी फेरीबोटीही त्या दिवशी निघत नाहीत, त्यामुळे डॉलर गुरुवारीच मोडून रुफिया घेऊन ठेवावेत.

आठवी पायरी: भरणे आणि तोलणे

चाकांची टणक बॅग विमानतळाच्या फरशीवर छान धावते आणि बेटावरच्या वाळूत तिची चाके रुततात. खांद्याला अडकवता येणारी मऊ बॅग घ्यावी. बोटीत सामान बहुधा उघड्यावर असते आणि लाट आली की भिजते, म्हणून बॅगेच्या आत आधी जाड पॉलिथिनची थैली उभी करावी आणि सगळे सामान तिच्यात भरून तोंड बांधावे. कुटारावर झाकायला आपण जे पॉलिथिन आणतो त्याचाच नवा कोरा तुकडा चिकटवून आम्ही ही थैली केली. खाली चपला आणि खाऊ, मधे कपडे, वर एक जोड, दुपट्टा आणि औषधांच्या चिठ्ठीची प्रत, असा क्रम ठेवावा.

भरलेली बॅग तोलल्याशिवाय घर सोडू नये. वजनाची मर्यादा तिकिटावर लिहिलेली असते. पाण्यावर उतरणाऱ्या सीप्लेनने पुढे जायचे असेल, तर तेथे साधारणपणे २० किलो मोठे आणि ५ किलो हातातले एवढेच सामान मोफत जाते. गावातल्या धान्य व्यापाऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आमची बॅग ठेवली तेव्हा ती २६ किलो भरली. तुरीचे कट्टे मोजणारा त्यांचा हमाल म्हणाला, “गुरुजी, यात खाली गहू हाय का?” गहू नव्हता, पण चार किलो भाजणी होती. ती अर्धी तेथेच काढली.

हातातल्या पिशवीत कागदांची फाइल, औषधे, पॉवर बँक, चष्मा, कपड्यांचा एक जोड आणि एक पंचा असावा. मोठी बॅग मागे राहिली तरी दोन दिवस निघतील इतपत.

परत निघताना

मालदीवमधून प्रवाळ, कासवाच्या पाठीच्या वस्तू आणि काळे पोवळे बाहेर नेण्यास बंदी आहे. मोठी माणसे हे ऐकतात. लहान मुले ऐकत नाहीत. नातवाने किनाऱ्यावर वेचलेले पांढरे तुकडे त्याला शंख वाटत होते, पण त्यातले बरेचसे प्रवाळच होते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या चड्डीचे सगळे खिसे, मोज्यांची टोके आणि कंपासपेटी ओट्यावर उलटी केली आणि मूठभर ऐवज पुन्हा समुद्रात नेऊन टाकला. एक तुकडा तरीही त्याच्या बुटात निघाला, तो मालेच्या धक्क्यावर.